मानपत्रातला शेवटचा परिच्छेद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा गाडा तीन वर्षं ओढणारे श्री. अतुल सबनीस, व्यासपीठावर विराजमान झालेले सत्कारमूर्ती श्री. त्र्यंबक रेडीज आणि सौ. सुमेधा रेडीज, त्यांच्या शेजारी, हे सगळं कधी संपणार अशा चेहऱ्याने बसलेली त्यांची कन्या रुचा, सूत्रसंचालिका नैना, आणि काल दिवसभर एवढा बर्फ पडूनही आज गाड्या उकरून काढून पिस्कॅटवेच्या या शाळेच्या कॅफेटेरियापर्यंत पोचलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना वसुधा घारपुरेचा नमस्कार.

माझी ओळख करून द्यायची गरज नाही असं नैना म्हणाली. पण मागे काही नवीन चेहरे दिसतायत, तेव्हा सांगते. मूळची नागपूरची. अमेरिकेत येऊन एकतीस वर्षं झाली. इथून वीस मिनिटांवर खाडीकाठी तेलाच्या मोठाल्या टाक्या आहेत, तुम्ही टर्नपाइकवरून जाताना नाक दाबून बघता त्याच. त्यांच्या शेजारी आमची प्रयोगशाळा. बोटीतून आलेल्या आणि बोटीतून जाणाऱ्या इंधनाची तपासणी करायची आणि दाखल्यावर सही करायची, हे आमचं काम. मी तिथली मॅनेजर. सत्कारमूर्ती नऊ वर्षं माझ्या हाताखाली काम करत होते.

अतुलने माझ्यावर दोन कामं सोपवली होती. मानपत्र लिहायचं आणि ते आज वाचून दाखवायचं. चार परिच्छेद आहेत. आयसेलिनच्या दुकानातून सोनेरी चौकटीत बसवून आणलंय. चौकट मजकुराहून जड झाली आहे, म्हणून टेबलावर टेकवूनच वाचते.

पहिला परिच्छेद. ‘कोकणच्या लाल मातीत, चिपळूणसारख्या निसर्गरम्य गावी आपला जन्म झाला.’ लाल माती मी घातली. मानपत्रात कोकण आलं की माती लाल आणि गाव निसर्गरम्य करावंच लागतं. त्र्यंबकचं घर प्रत्यक्षात एसटी स्टँडच्या मागे आहे आणि तिथे निसर्ग म्हणजे डिझेलचा धूर. तो स्वतःच सांगतो. म्हणतो, ताई, मी इंधनाच्या वासावरच मोठा झालो, म्हणून तुमच्याकडे आलो. ‘अत्यंत कष्टाने रसायनशास्त्राची पदवी संपादन करून आपण या परभूमीत आपल्या ज्ञानाचा ठसा उमटवलात.’ हे मात्र सगळं खरं आहे.

दुसरा परिच्छेद. ‘पर्यावरणपूरक इंधनाच्या क्षेत्रात आपण केलेलं कार्य आम्हा सर्वांना अभिमानास्पद आहे.’ आता इथे मला थोडं थांबावं लागेल. तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय? तीन वर्षांपूर्वी, दोन हजार पाचच्या गणपतीत याच सभागृहात मी आणि त्र्यंबकने स्लाइड्स लावून व्याख्यान दिलं होतं. ‘शेतात पिकणारं इंधन.’ सत्तावीस लोक होते आणि त्यातले वीस आरतीसाठी थांबलेले. आम्ही सांगत होतो की युरोपने ठरवलंय, दोन हजार दहापर्यंत मोटारींच्या इंधनात पावणेसहा टक्के तरी इंधन वनस्पतींपासून केलेलं असावं. पुढे ते आणखी वाढेल. पृथ्वीचा ताप कमी होईल. मी तर उत्साहाच्या भरात सांगून टाकलं होतं की आपण पाठवलेल्या प्रत्येक बोटीबरोबर तिकडचं आभाळ थोडं स्वच्छ होतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एका काकांनी विचारलं होतं की हे तेल तळणीला चालतं का. त्र्यंबकने अर्धा तास त्यांना समजावलं.

तो उत्साह खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. पण तेल नेमकं कुठल्या झाडाचं आणि ते झाड कुठल्या जमिनीवर उभं, हे आम्ही त्या व्याख्यानात एकदाही विचारलं नाही.

नंतर बोटींची रीघ लागली. दूर कुठून तरी बायोडिझेल भरून बोट आमच्या धक्क्याला यायची. तिच्यात नावापुरतं, अगदी हजारात एक भाग, साधं डिझेल ओतायचे. तेवढ्याने ते इथलं मिश्रण ठरायचं, इथल्या सरकारची सवलत पदरात पडायची आणि तीच बोट, तेच तेल घेऊन युरोपची वाट धरायची. तिकडे पुन्हा तिकडची सवलत. कायद्याने सगळं बरोबर. तिकडचे छोटे कारखाने बंद पडायला लागले आणि आमच्या लॅबला मात्र उसंत नव्हती. मी दोन माणसं वाढवून घेतली. अभिमानाने घेतली.

नैनाने चिठ्ठी सरकवली आहे, ‘दोन मिनिटं’. बेटा, तुझ्या दहाव्या वाढदिवसाला मी सत्तर फुगे फुगवलेत. मला आज थोडी जास्त दे.

तिसरा परिच्छेद. ‘आपण मितभाषी आहात, परंतु आपल्या कामातली निष्ठा बोलकी आहे.’ याचं एक उदाहरण सांगते. या वर्षी जानेवारीत शनिवार-रविवारी आमच्या लॅबचं हीटिंग बंद पडलं. आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक बोटीतल्या तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत भरून तीन महिने कपाटात ठेवायचा. सोमवारी सकाळी त्र्यंबकने कपाट उघडलं आणि मला हाक मारली. ‘ताई, जरा येऊन बघा.’ बाटलीवर चिठ्ठी होती, सोयाबीन, दक्षिण अमेरिका. आत सगळं पांढरं थिजलेलं. तो म्हणाला, ‘सोयाबीन इतक्या लवकर थिजत नाही. हे तर आमच्याकडच्या खोबरेलासारखं झालंय. ताई, हे पाम आहे.’

पाम म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्या तेलासाठी पूर्वेकडच्या बेटांवर जंगलं साफ होतात, दलदलीची जमीन जाळतात. पुढच्याच महिन्यात शास्त्रज्ञांचे लेख आले की तिथे झालेला धूर भरून निघायला कित्येक दशकं लागतील. म्हणजे ज्या इंधनाने हवा सुधारायची, त्यानेच ती आधी बिघडवून ठेवलेली.

मी त्र्यंबकला काय म्हटलं असेल? मी विचारलं, ‘क्लायंटने क्लाउड पॉइंट मागितलाय का?’ क्लाउड पॉइंट म्हणजे तेल गार करत गेलं की कुठल्या तपमानाला गढुळायला लागतं, तो आकडा. त्यावरून पाम ओळखू येतं. तो म्हणाला, नाही मागितला. मी म्हटलं, ‘मग झाकण लाव.’ आमच्या धंद्याचा नियमच आहे. क्लायंटने मागितलेली तपासणी करायची, तिचंच उत्तर लिहायचं, आणि ते उत्तर क्लायंटलाच द्यायचं. तेल कशाचं आहे ते क्लायंट सांगतो, आम्ही तसंच उतरवून घेतो. हा नियम मी त्र्यंबकला शिकवला आणि मला कोणी तरी शिकवला होता.

त्याने झाकण लावलं. पण त्या दिवसापासून प्रत्येक बोटीचा क्लाउड पॉइंट तो आपल्या लंचच्या वेळात स्वतःच काढायला लागला. डबा एका बाजूला, थर्मामीटर दुसऱ्या बाजूला. आकडा आपल्या वहीत लिहायचा आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवायचा. मी म्हटलं, कशाला यार हा उपद्व्याप? तर म्हणाला, ‘ताई, तेल वाईट नसतं. कुठून आलं ते विचारायचंच नाही, हे वाईट आहे. कधी कोणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर असावं.’

आता चौथा परिच्छेद, शेवटचा. ‘वृद्ध मातोश्रींच्या सेवेसाठी, अमेरिकेतील सुस्थिर जीवनाचा त्याग करून, आपण स्वेच्छेने मायदेशी परतत आहात.’

हे वाक्य मी लिहिलं. तीन वेळा खोडून लिहिलं. त्र्यंबकच्या आईची तब्येत बरी नसते, हे खरं आहे. ती गेली सहा वर्षं बरी नसते. ‘स्वेच्छेने’ हा शब्द खोटा आहे आणि तो खोटा आहे हे या सभागृहात तीन माणसांना माहीत आहे. त्र्यंबकला, सुमेधाला आणि मला.

अतुल, बसून राहा. मी बरी आहे. पाणी नको.

सप्टेंबरमध्ये रॉटरडॅमजवळच्या एका लहानशा लॅबमधून फोन आला. अनेके नावाची मुलगी होती. तिकडच्या एका गावाने आपल्या बसगाड्या या इंधनावर चालवायला घेतल्या होत्या. हवामानासाठी आपणही काही करावं म्हणून गावकऱ्यांनी हौसेने ठराव केला होता. एका गार सकाळी फिल्टर तुंबले आणि चार बस शाळेच्या मुलांसकट रस्त्यात उभ्या राहिल्या. दाखल्यावर आमच्या लॅबचं नाव होतं. तिने त्र्यंबकला विचारलं, हे खरंच सोयाबीन होतं का? तुमच्याकडे क्लाउड पॉइंट आहे का?

कोणी तरी विचारलं होतं.

त्र्यंबकने तिला सांगितलं, एक मिनिट थांब. फोन होल्डवर ठेवला आणि माझ्या केबिनमध्ये आला. मी जेवत होते. म्हणाला, ‘ताई, ती आपली क्लायंट नाही. नियमाने सांगता येत नाही. पण आकडा माझ्याकडे आहे. सांगू का?’ माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, ‘खरा आहे ना? मग सांग.’ इतकंच बोलणं झालं. तो गेला आणि त्याने सांगितलं. चौदा डिग्री. सोयाबीन चौदाला गढुळत नाही.

त्या गावाने ब्रसेल्सला, युरोपच्या मुख्य कचेरीला, तक्रार पाठवली आणि तिच्यात तो आकडा घातला. तिथे ती कोणी वाचली की नाही, देव जाणे. आमच्या क्लायंटने मात्र वाचली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेड ऑफिसचा फोन आला. स्पीकरवर तीन माणसं. माझ्यासमोरच्या खुर्चीत त्र्यंबक. त्यांनी मला सरळ विचारलं, क्लायंटची माहिती बाहेर द्यायची परवानगी तुम्ही दिली होती का?

मी म्हटलं, ‘असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.’

त्र्यंबकने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाला, ‘इट वॉज माय ओन डिसिजन.’

मी असं का केलं, हे तुम्ही विचाराल. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. प्रताप, म्हणजे माझा नवरा, तिसऱ्या रांगेत कानटोपी घालून बसलाय. त्याची केमो माझ्या कंपनीच्या इन्शुरन्सवर चालू आहे. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात तेवढंच होतं. प्रताप, तुलाही हे आजच कळतंय. तुझ्या आजाराला पुढे करून मी सुटू पाहत नाही. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

त्र्यंबकला त्याच शुक्रवारी कंपनीने काढलं. ग्रीनकार्डची सहा वर्षं रखडलेली फाईल मागे घेतली. नोकरी गेली की व्हिसाही जातो, हे इथल्या अर्ध्या सभागृहाला तोंडपाठ आहे. बाजार कोसळलेला, दुसरी नोकरी कोण देतोय? आणि गंमत बघा, बोटीत थेंबभर डिझेल ओतून सवलत घ्यायची ती पळवाट वॉशिंग्टनने त्याच महिन्यात बंद केली. वर्षभर आधी केली असती तर? पण असल्या जर-तरला आता काय अर्थ आहे.

त्यानंतर दिवाळी आली. सुमेधाने दर वर्षीसारखा फराळाचा डबा पाठवला. मला वाटलं, तिला ठाऊक नसेल. मागाहून कळलं, त्याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की ताईंच्या घरी आजारपण आहे, कोणाजवळ बोलू नकोस. सुमेधा, मी त्या चकल्या खाल्ल्या. प्रतापलाही दिल्या. छान झाल्यात म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, मोहन कमी पडलं होतं ताई. मला त्या दिवसापासून आरशात बघवत नाही.

या बुधवारी युरोपच्या संसदेने नवा कायदा मंजूर केला. तुमच्यापैकी कोणी बातमी वाचली असेल असं वाटत नाही, इथे सगळे आपापल्या फोर-ओ-वन-केच्या, निवृत्तीच्या पैशांच्या काळजीत आहेत. दोन हजार वीसपर्यंत वाहनांच्या इंधनाचा दहावा हिस्सा पुन्हा उपजणाऱ्या साधनांतून यायला हवा. मला विचाराल तर दहा टक्के हे फार होतात, इतकं तेल जंगलाला हात न लावता कुठून आणणार? एकीकडचं पीक इंधनाला गेलं म्हणून दुसरीकडे जंगल तुटलं तर काय करायचं, तो प्रश्न त्यांनी पुढच्या अभ्यासावर ढकललाय. पण एक गोष्ट त्या कायद्यात आली. जंगल तोडून लावलेल्या पिकाचं तेल यापुढे हिशोबात धरायचं नाही, आणि तेल कुठल्या जमिनीतून आलं याचा पुरावा द्यायचा. म्हणजे सत्तावीस देशांनी मिळून ठरवलंय की आता विचारायचं. आमच्याकडे एक माणूस लंच बाजूला सारून नऊ महिने त्याची उत्तरं लिहीत बसला होता. मंगळवारी तो विमानात बसणार आहे.

बुधवारची बातमी मी त्याला फोन करून सांगितली. तो खूश झाला हो! खरोखर खूश झाला. म्हणाला, ‘ताई, आता लॅबमध्ये क्लाउड पॉइंटचं दुसरं मशीन मागवून ठेवा, काम वाढेल.’ आणि मग म्हणाला, ‘शनिवारी तुम्हीच बोला. दुसरं कोणी नको.’ मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

काल बर्फामुळे ऑफिस बंद होतं. मी घरून हेड ऑफिसला ईमेल पाठवली आहे. परवानगी मी दिली होती, मला ती पूर्ण आठवते, त्या वेळी मी खोटं बोलले. माझ्या नोकरीचं काय होईल ते सोमवारनंतर कळेल. त्र्यंबकला त्याचा काही उपयोग नाही, हे मी आधीच वकिलाला विचारून घेतलंय. मागे घेतलेल्या फायलीत जीव येत नाही. ही ईमेल ऑक्टोबरमध्ये पाठवायची होती.

हे मानपत्र मी आज त्यांच्या हाती देणार नाही. अतुल, चौकटीचे पैसे मी भरून देईन, मजकूर मी पुन्हा लिहीन आणि चिपळूणच्या पत्त्यावर पाठवीन. एसटी स्टँडच्या मागे.

आता शेवटचं. गुरुवारी रुचाला लायब्ररीची पुस्तकं परत करायची होती. मी तिला गाडीतून घेऊन गेले. ही मुलगी पाच वर्षांची असताना इथे आली. हिचा बँड, हिच्या मैत्रिणी, हिची शाळा, सगळं इथे आहे. रस्त्यात मला म्हणाली, ‘मावशी, व्हॉट डिड बाबा डू राँग?’ मी म्हटलं, ‘नथिंग, बेटा.’ ती म्हणाली, ‘देन व्हाय आर वी लीव्हिंग?’ मी म्हटलं, जरा थांब, मला सिग्नल बघू दे. सिग्नल हिरवा होता.

रुचा, माझ्याकडे बघ. इतका वेळ माझं मराठी तुला किती कळलं ते मला माहीत नाही, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. युअर बाबा आस्क्ड मी फर्स्ट. आय सेड येस. देन दे आस्क्ड मी, अँड आय सेड आय डोन्ट रिमेंबर. दॅट इज व्हाय यू आर लीव्हिंग. इट वॉज मी.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलायची संधी दिलीत आणि मधेच थांबवलं नाहीत, याबद्दल आपली, नैनाची आणि कमिटीची मी ऋणी आहे. जेवण गार झालं असेल, त्याचा दोष माझा. आनंदाच्या समारंभात असं बोलू नये, हे मला कळतं. बोलण्यात जे अधिक-उणं झालं असेल ते श्रोत्यांनी पोटात घालावं, ही विनंती. जे वागण्यात झालं, त्याची क्षमा मात्र मी त्र्यंबककडे मागणार नाही. मागितली तर तो आत्ता, इथल्या इथे देईल, आणि मी ती घेऊन सुखाने घरी जाईन.

नमस्कार.